गो पुन्हा खेळायला घेताना: क्यू, डॅन आणि मेलेले गट

देवराई (मूळ लेख)

नमस्कार मंडळी,

बुद्धिबळावर इथं चांगले धागे आहेत, ब्रिजवर आहेत, 'गो' या पटावरच्या खेळाबद्दल मात्र शोधूनही एक मिळाला नाही. म्हणून हा काढते. खेळत असाल तर अनुभव लिहा. खेळत नसाल पण उत्सुकता असेल तर बिनधास्त प्रश्न विचारा.

पुण्यात जपानी शिकले, मग कामासाठी काही वर्षं नागोयाला होते. तिथं घराजवळच्या गोकाईशोत, म्हणजे पैसे भरून दिवसभर गो खेळत बसायच्या जागेत, हा खेळ शिकले. भारतात परतल्यावर नोकरी, संसार, मुलगी यांत पट माळ्यावर गेला. आता मुलगी कॉलेजात आहे आणि मी परत खेळू लागले आहे. चीनमध्ये याला वेईची म्हणतात, कोरियात बाडुक. खेळ तोच.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी: पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा, त्यांचे ३६१ छेद. खडे चौकटीत नव्हे, छेदावर ठेवायचे. सुरुवात काळ्याची. ठेवलेला खडा जागचा हलत नाही. खड्याला रेघेनं लागून असलेले मोकळे छेद म्हणजे त्याच्या लिबर्टी, आणि त्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यानं भरल्या की खडा उचलला जातो. एकमेकांना लागलेल्या खड्यांचा एक गट होतो, त्यांच्या लिबर्टी सामाईक. एकच लिबर्टी उरली की आतारी. शेवटी ज्यानं जास्त प्रदेश वेढला तो जिंकला. शिवाय कोचा नियम: समोरच्यानं एक खडा मारला आणि तुम्हाला लगेच उलट मारून पट होता तसा करता येत असेल, तर तसं करायचं नाही. मध्ये एक खेळी दुसरीकडे करून यायचं. नियम एवढेच. हाताची पातळी क्यूमध्ये मोजतात, ३० क्यूवरून खाली येत १ क्यू, तिथून पुढे १ डॅन, २ डॅन असं वर.

आता मुद्द्याचं. परत येणाऱ्याची अडचण नवख्यापेक्षा वेगळी असते. नवख्याला काहीच माहीत नसतं, त्यामुळे तो प्रत्येक खेळीला पट बघतो. परत येणाऱ्याला कोपऱ्यातल्या जोसेकी, म्हणजे ठरलेल्या खेळ्यांच्या मालिका, आठवत असतात, आकार आठवत असतात, हात आपोआप चालतो. फक्त 'मी इथं, तो तिथं, मग मी इथं' असं डोक्यातल्या डोक्यात पुढे बघायची सवय गेलेली असते. आम्ही त्याला रीडिंग म्हणायचो. नागोयाहून निघताना मी १२ क्यूच्या आसपास होते. परत सुरू केलं तेव्हा ऑनलाइन सर्व्हरवर १८ क्यूवर येऊन ठरले.

माझं मत ठाम आहे: १८ पासून ९-१० क्यूपर्यंत जायला जोसेकीच्या पाठांतराचा काडीचा उपयोग नाही. त्या पातळीवर कोपऱ्यातल्या दोन-तीन गुणांनी कुणी हरत नाही. मधला वीस खड्यांचा गट मेला म्हणून हरतो. तेव्हा आपला कुठला गट जिवंत आहे, कुठला अडचणीत आहे आणि कुठला मेलेलाच आहे हे खेळी करण्याआधी सांगता आलं पाहिजे. बाकी सगळं नंतर.

गट जगायला दोन वेगळे डोळे, म्हणजे आपल्याच खड्यांनी वेढलेल्या मोकळ्या जागा, लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगतात. पण आतली रिकामी जागा कशी असली की दोन डोळे होतात, हे पाठच पाहिजे. गट पूर्ण वेढला गेलाय असं धरा. आत एका ओळीत तीन छेद मोकळे असतील तर सगळं मधल्या छेदावर. तुम्ही खेळलात तर जगलात, त्यानं खेळलं तर मेलात. एका ओळीत चार असतील तर निवांत, त्यानं आधी खेळलं तरी दोन डोळे होतात, कारण मधले दोन छेद आहेत आणि तो एक घेईल तेव्हा दुसरा तुमचा. तेच चार छेद चौकोनात असतील तर तुम्ही आधी खेळलात तरी मेलात! जागा तेवढीच, एकीकडे जीवन, दुसरीकडे मरण. चार छेद टी आकारात असतील तर पुन्हा मधला छेद ठरवतो. पाच छेद अधिकच्या चिन्हासारखे, किंवा चौकोनाला एक जोडलेला, तरी तसंच: एक नाजूक जागा, जो आधी पोचेल त्याचं. चौकोन आणि त्याच्या एका कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी जोडलेले दोन, असे सहा असतील तरीही नाजूक जागा एकच.

हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. पण डावात, घड्याळ चालू असताना, 'अजून वेढलं गेलं नाही, पण गेलं तर आत चौकोन उरणार' हे तीन खेळ्या आधी दिसणं म्हणजे सुधारणा.

दुसरी गोष्ट शिचो, म्हणजे इंग्रजीत ज्याला लॅडर म्हणतात ती. पळणारा खडा दर वेळी आतारीत, दर वेळी एक पाऊल पुढे, पायऱ्या पायऱ्यांनी पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत. वाटेत पळणाऱ्याचा एखादा खडा असेल तर तो सुटतो, आणि पाठलाग करणाऱ्याच्या भिंतीत जागोजागी दुहेरी आतारी मिळतात, म्हणजे डाव गेलाच. मी रोज पट मांडून एक शिचो बोटानं न दाखवता, नुसत्या नजरेनं, शेवटपर्यंत नेते. आधी अर्ध्या पटावर नजर हरवायची, आता पलीकडच्या कोपऱ्यात नेमकी कुठे येते ते दिसतं. यानं जेवढा फरक पडला तेवढा कशानंच नाही. सध्या मी ९ क्यू आहे.

तुमचं काय?

---

कोरा_कागद

वाचनखूण साठवलीय. मी पूर्ण नवखा, फोनवर ९×९ वर यंत्राशी खेळतो. दोन प्रश्न. एक, डाव संपला हे कळतं कसं? बुद्धिबळात मात झाली की संपलं. इथं मी खडे ठेवतच राहतो आणि माझेच गुण कमी होतात. दोन, किती दिवस ९×९ वर राहावं? १९×१९ बघूनच दडपण येतं.

---

देवराई

पहिला प्रश्न सगळ्यांनाच पडतो. दोघांनी लागोपाठ पास म्हटलं की संपलं. पास कधी म्हणायचं? सगळ्या सीमा बंद झाल्या, कुणाचाच प्रदेश आणखी वाढत नाही की घटत नाही, तेव्हा. दोघांच्या मधले, कुणाच्याच न होणारे जे छेद उरतात ते दामे. जपानी पद्धतीत त्यांचे गुण नाहीत.

तुमचे गुण कमी होतात ते जपानी मोजणीमुळे. तिच्यात वेढलेले रिकामे छेद अधिक पकडलेले खडे मोजतात, म्हणून स्वतःच्याच प्रदेशात विनाकारण खडा ठेवला की एक गुण गेला. चिनी पद्धतीत रिकामे छेद आणि पटावरचे स्वतःचे जिवंत खडे दोन्ही मोजतात, त्यामुळे आपल्या घरात खडा टाकून तोटा होत नाही. नवख्यानं चिनी मोजणी लावून खेळावं असं मला मनापासून वाटतं. समोरचा गट मेलाय की नाही शंका असेल तर सरळ खेळून, पकडून खात्री करता येते. दोन्ही पद्धतींत निकाल बहुतेक वेळा तोच येतो, फरक पडलाच तर एखाद्या गुणाचा.

पांढरा दुसरा खेळतो म्हणून त्याला भरपाई मिळते, ती कोमी. जपानी नियमांत साडेसहा, चिनी नियमांत साडेसात गुण. तो अर्धा बरोबरी टाळण्यासाठी.

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत: ९×९ वर शिचो, डोळे, को हे नीट दिसायला लागेपर्यंत राहा. मग १३×१३ वर भरपूर वेळ घालवा.

---

निशिकासाई

देवराईताई, धागा फार आवडला. मी तोक्योच्या एदोगावात राहतो, इथं मराठी माणसं बरीच आहेत पण गो खेळणारी मला तरी भेटली नाहीत.

१३×१३ वर मात्र असहमत. ९×९ वर पहिल्या खेळीपासून मारामारी असते. १९×१९ ची खरी मजा म्हणजे 'इथली भानगड अर्धवट सोडून तिकडे मोठी जागा घेऊ का?' हा प्रश्न, आणि तो लहान पटावर नीट येतच नाही. आमच्या इथल्या गोकाईशोतले आजोबा नवख्याला थेट १९ वर बसवतात आणि नऊ खडे हँडिकॅप देतात. पटावर नऊ ठळक ठिपके असतात, होशी, त्यांवर काळे नऊ खडे आधीच मांडलेले. पांढऱ्याला सगळीकडे घुसून जगावं लागतं, आणि नवखा पहिल्या डावापासून 'हल्ला कसा करायचा' हे शिकतो. रँकमध्ये जितका फरक तितके खडे, असा साधा हिशेब. त्यामुळे ३ डॅनचा माणूस आणि ५ क्यूचा माणूस खरोखरीचा, दोघांनाही घाम फोडणारा डाव खेळू शकतात. बुद्धिबळात हे जमत नाही.

आणि गोकाईशोत एक गोष्ट होते जी ऑनलाइन कधीच होत नाही. डाव संपल्यावर दोघं मिळून तो पुन्हा पहिल्यापासून मांडतात. इथल्या सुझुकी आडनावाच्या आजोबांना सत्तरेक खेळ्यांपर्यंतचा डाव सहज आठवतो. 'इथं तू घाबरलास,' असं म्हणून बोट ठेवतात आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं.

---

अण्णा सांगलीकर

मी आयुष्यभर बुद्धिबळ खेळलो. आमच्या सांगलीला त्याची परंपरा मोठी आहे हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. गो कधी खेळलो नाही, पण एक कुतूहल आहे. कास्पारोव्हला डीप ब्लू या संगणकानं १९९७ साली हरवलं. गोमध्ये संगणकाला त्यानंतर जवळपास वीस वर्षं का लागली? नियम तर बुद्धिबळापेक्षा सोपे दिसतात.

---

तिरकी_चाल

अण्णा, माझ्या आवडीचा विषय काढलात.

दोन कारणं. पहिलं आकारमानाचं. बुद्धिबळात एका वेळी साधारण तीस-पस्तीस चाली शक्य असतात, गोमध्ये सुरुवातीला ३६१ आणि बराच काळ दोनशेच्या वर. जॉन ट्रॉम्प यांनी २०१६ मध्ये १९×१९ वरच्या नियमाला धरून असलेल्या स्थितींची नेमकी संख्या काढली, ती १७१ अंकी आहे.

पण खरं कारण दुसरं. बुद्धिबळात मोहऱ्यांची किंमत ठरलेली असते. वजीर नऊ, हत्ती पाच, एवढ्यावरूनही स्थितीचा ढोबळ अंदाज येतो आणि संगणक त्यावर खोल शोध घेऊ शकतो. गोमध्ये प्रत्येक खडा सारखाच. हा खडा मोलाचा की टाकाऊ हे आजूबाजूचे गट जिवंत आहेत की नाहीत यावर ठरतं, आणि ते ठरवायलाच पुन्हा खोल रीडिंग लागतं. 'आत्ता कोण पुढे आहे' हे सांगणारं साधं सूत्र कुणाला लिहिताच आलं नाही.

अल्फागो या प्रोग्रामच्या कर्त्यांनी ते सूत्र लिहिण्याऐवजी न्यूरल नेटवर्कला डाव दाखवून आणि स्वतःशीच खेळवून शिकवलं. मार्च २०१६ मध्ये सोलला कोरियाचा अव्वल खेळाडू ली सेडोलशी पाच डाव झाले, अल्फागो ४-१ नं जिंकला. दुसऱ्या डावातली ३७ वी खेळी लोक अजून काढतात. पाचव्या ओळीवरचा तो खडा तेव्हा कुठल्याही शिक्षकानं चूक म्हणून उचलायला लावला असता. चौथ्या डावात लीनं ७८ व्या खेळीला दोन खड्यांच्या मध्ये पाचर मारली आणि यंत्राचा तोल गेला. मी तो डाव थेट प्रक्षेपणात बघत होतो, समालोचकांनाही क्षणभर कळलं नाही काय झालंय. पुढच्या वर्षी चीनचा अव्वल खेळाडू के जिए ३-० नं हरला आणि माणूस विरुद्ध यंत्र हा वाद मिटला.

आता देवराई, तुमच्याशी थोडा वाद. आज काटागो हा गो खेळणारा प्रोग्राम कुणालाही फुकट मिळतो, साध्या लॅपटॉपवर चालतो, जगातल्या कुठल्याही व्यावसायिकापेक्षा बलवान आहे. तुमच्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. असा गुरू हाताशी असताना एकट्यानं शिचो बघत बसायचं?

---

देवराई

तिरकी_चाल, उल्लेख मुद्दाम केला नाही, कारण यंत्राचा वापर कसा करायचा हे न सांगता नुसतं नाव घेतलं की लोक त्यातच अडकतात.

कसं होतं बघा. डाव संपतो, काटागो लावतो, चौथ्या खेळीला तो सांगतो की तिथं नाही, इथं हवं होतं, फरक अर्ध्या गुणाचा. आपण तो अर्धा गुण पाठ करतो. आणि ९२ व्या खेळीला आपला गट मेला, पंचवीस गुण गेले, त्यावरून नजर पुढे सरकते, कारण ते बघायला त्रास होतो.

मी असं करते. विजयाच्या टक्क्यांकडे बघतच नाही. काटागोचा मोठेपणा हा की तो गुणांतला फरक सांगतो, तेवढाच बघते. आलेखात जिथं सगळ्यात मोठी घसरण आहे अशा तीन जागा काढते. यंत्र बंद करते. मग त्या तीन जागा पटावर मांडून, मला त्या क्षणी काय वाटत होतं ते आठवते आणि स्वतः उत्तर शोधते. सापडलं असं वाटलं की मगच यंत्राला विचारते. अर्ध्या-एक गुणाच्या चुका ९ क्यूच्या माणसानं खुशाल सोडून द्याव्यात.

आणि यंत्राची खेळी बरोबर असली तरी ती आपल्याला पेलेलच असं नाही. कोपऱ्यातल्या होशीवरच्या खड्याखाली लगेच ३-३ वर, म्हणजे दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेघांच्या छेदावर, घुसणं घ्या. पूर्वी सुरुवातीलाच असं घुसणं वाईट मानायचे, कारण समोरच्याला बाहेर जाड भिंत मिळते. अल्फागोनंतर सगळे घुसू लागले. पण यंत्र दुसऱ्या ओळीवरचा हाने (समोरच्याच्या खड्याला वळसा घालणारी खेळी) आणि त्याची जोडणी लगेच खेळत नाही, ती राखून ठेवतं, म्हणून भिंत पक्की होत नाही आणि पुढे शंभर खेळ्यांनी ते तिच्यावर दबाव आणतं. आपण ३-३ ची नक्कल करतो, पुढचा दबाव आपल्याला येत नाही. मग उरते ती फक्त समोरच्याची भिंत.

---

तिरकी_चाल

तीन जागांची युक्ती आवडली, मान्य. एक भर घालतो. काटागोमध्ये २०२४ पासून माणसांच्या डावांवर शिकवलेलं एक वेगळं नेटवर्कही मिळतं. त्याला '८ क्यूचा माणूस इथं काय खेळेल?' असं विचारता येतं. सर्वोत्तम खेळीपेक्षा आपल्याहून दोन पायऱ्या वरचा माणूस काय बघतो ते मला जास्त उपयोगी वाटतं. कॅट्रेन नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात काटागो बसवलेला असतो आणि आपल्या पातळीचा प्रतिस्पर्धीही निवडता येतो.

---

रानफूल

मी हॅम्बुर्गहून. इथं क्लबात आठवड्यातून एक संध्याकाळ खेळते. जर्मनीत गो चांगलं रुजलंय. युरोपियन गो काँग्रेसची पहिली भेटच १९५७ साली इथल्या कुक्सहाफेनला झाली होती. आता ती दरवर्षी उन्हाळ्यात वेगळ्या देशात भरते, दोन आठवडे चालते, आणि १८ क्यूचा माणूससुद्धा नाव नोंदवून मुख्य स्पर्धेत खेळू शकतो.

हे शक्य होतं मॅकमहॉन पद्धतीमुळे. प्रत्येकाचे सुरुवातीचे गुण त्याच्या रँकवर ठरतात, म्हणून पहिल्या फेरीपासून बरोबरीचाच प्रतिस्पर्धी मिळतो. परत येणाऱ्याला माझा एकच सल्ला, एखादी तरी प्रत्यक्ष स्पर्धा खेळा. एका डावाला दोन-तीन तास मिळतात, उठून जाता येत नाही, आणि माणसाला कळतं की आपण एरवी विचारच करत नव्हतो.

नोकरीवाल्यांसाठी ऑनलाइन करस्पॉन्डन्स डाव उत्तम. एका खेळीला दिवस-तीन दिवस. मी एका वेळी चार-पाच चालू ठेवते. फक्त त्यातही रीडिंग डोक्यात करायचं. विश्लेषणाच्या पटावर खडे हलवून बघायची सोय असते, ती वापरली की व्यायाम होत नाही.

जोसेकीबद्दल देवराईशी शंभर टक्के सहमत. त्सुमेगोबद्दल (जीवन-मरणाचे कूटप्रश्न) मात्र बोला ना. सोपे भरपूर की अवघड थोडे?

---

देवराई

सोपे, भरपूर, आणि बोट न लावता. ॲपवर एक घातक सवय लागते. पहिली खेळी दिसते तशी ठोकायची, चुकलं की दुसरी. मग लाल-हिरवा दिवा बघून उत्तर लक्षात राहतं, रीडिंग होत नाही. मी असा नियम केलाय: माझी खेळी, त्याचं सगळ्यात चिवट उत्तर, माझं प्रत्युत्तर, हे शेवटपर्यंत दिसल्याशिवाय स्क्रीनला हात लावायचा नाही. त्याचं चिवट उत्तर शोधणं हाच खरा अभ्यास. नवखा माणूस समोरच्याकडून आपल्याला सोयीची खेळी करवून घेतो आणि प्रश्न सुटला असं समजतो.

कोपऱ्यातले प्रश्न जरूर करा, तिथं मधल्या पटाचे नियम मोडतात. वाकडे चार छेद मध्ये असले तर गट जिवंत. तोच आकार अगदी कोपऱ्यात, समोरच्याचे खडे आत अडकलेले असताना आला, तर जपानी नियमांत गट मेलेला धरतात, प्रत्यक्ष को न खेळताच. पहिल्यांदा हे कळतं तेव्हा अन्याय झाल्यासारखं वाटतं. पट मांडून, समोरच्याला हवा तेव्हा तो को सुरू करू द्या, म्हणजे कारण कळेल.

---

निशिकासाई

रानफूल, युरोपचा विषय निघाला म्हणून थोडं अवांतर.

६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमाच्या बाहेर, इत्सुकाइची इथं, होनइन्बो या गोतल्या मानाच्या किताबाचा दुसरा डाव चालू होता. हाशिमोतो उतारो विरुद्ध इवामोतो काओरू. तिसरा दिवस, सकाळी आधीच्या खेळ्या मांडून झाल्या होत्या. बॉम्ब पडला. खिडक्या फुटल्या, खडे विखुरले. काही वेळानं खोली साफ करून, डाव पुन्हा मांडून त्यांनी तो पूर्ण केला, हाशिमोतो पाच गुणांनी जिंकले. तो सामना ३-३ असा सुटला आणि पुढच्या वर्षीच्या निर्णायक डावांत इवामोतोंनी किताब घेतला.

त्याच इवामोतोंनी उरलेलं आयुष्य हा खेळ जपानबाहेर नेण्यात घालवलं. त्यांच्या देणगीतून ॲम्स्टरडॅमजवळ युरोपचं गो केंद्र उभं राहिलं, साओ पाउलो, न्यूयॉर्क, सिएटललाही केंद्रं झाली. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. शहर डोळ्यांदेखत गेलेलं पाहिलेला माणूस परक्या देशांत जाऊन नवख्यांना शिचो शिकवत होता.

---

कोकणपट्टी

सगळा धागा सलग वाचला. मी सावंतवाडीचा. खेळतो साधारण १४ क्यू. मला पटाबद्दल लिहायचंय, कारण भारतात चांगला पट सहज मिळत नाही आणि पडद्यावर खेळून माझं तरी मन भरत नव्हतं.

जपानी पट चौरस नसतो! साधारण ४५.५ सेंमी लांब, ४२.४ रुंद. बसल्या जागेवरून तिरकं बघताना लांबी आखूड दिसते, म्हणून ती थोडी वाढवलेली असते. घरं त्यामुळे साधारण २३.७ बाय २२ मिमी. काळे खडेही पांढऱ्यांपेक्षा किंचित मोठे घडवतात, कारण पांढरा रंग नजरेला फुगतो आणि सारख्या मापाचे केले तर पांढरे मोठे वाटतात. चांगला पट काया नावाच्या झाडाचा, पिवळसर लाकूड, खडा ठेवला की टक् असा आवाज. उत्तम पांढरे खडे शिंपल्याचे, काळे वाकायामाकडच्या नाची दगडाचे.

आमच्याकडे लाकडी खेळण्यांचे कारागीर आहेत. त्यांच्यातल्या एकांना मी मापं दिली. ते म्हणाले, सागवान नको, गडद होईल, रेघा उठून दिसणार नाहीत. फणस घ्या. फणसाचं जुनं, वाळलेलं लाकूड सोनेरी पिवळं असतं, आणि ते कायाच्या फार जवळ जातं. दोन इंच जाडीची फळी, तासून, पॉलिश न करता नुसतं मेण. जपानमध्ये तलवारीच्या पात्याला लाख लावून ते पटावर टेकवतात आणि रेघ उमटवतात म्हणे. आमच्या कारागिरानं गंजिफावर काम करणाऱ्या भाच्याला बोलावलं. त्यानं बारीक कुंचल्यानं, पट्टीच्या आधारानं एकेक रेघ ओढली. हात जराही थरथरला नाही. खडे मात्र काचेचे, परदेशातून मागवलेले.

फरक सांगतो. या पटावर मी घाईनं खेळतच नाही. खडा उचलायचा, तर्जनीच्या नखावर आणि मधल्या बोटाखाली धरायचा, ठेवायचा. तेवढ्यात शंका यायला वेळ मिळतो.

---

रानफूल

कोकणपट्टी, फोटो टाका ना! फणसाचा पट ही कल्पनाच सुंदर आहे.

---

अण्णा सांगलीकर

तिरकी_चाल, उत्तर पटलं. काल नातवाकडून फोनवर ९×९ चा पट लावून घेतला. बुद्धिबळातली मारायची सवय आड येते. दिसला खडा की मारावासा वाटतो, आणि तेवढ्यात समोरचा बाहेर सगळी जागा घेऊन जातो. यावर उपाय?

---

देवराई

अण्णा, नमस्कार. तुम्ही बसलात हे वाचून फार आनंद झाला. रीडिंग तुमच्याकडे आहेच, अनेक वर्षांचं आहे. त्या बाबतीत तुम्ही आमच्या सगळ्यांच्या पुढे असाल.

मारण्याबद्दल: खडा मारण्याआधी विचारा की हा खडा माझे दोन गट तोडतोय का. तोडत असेल तर जरूर मारा, तो लाखमोलाचा. नुसताच एकटा पडलेला असेल तर तो आधीच मेलेला आहे, कुठे जात नाही. त्याला तिथंच ठेवून मोठ्या जागेकडे जा. समोरच्याला तो वाचवावासा वाटला तर वाचवू दे, तेवढ्यात तुम्ही दोन खेळ्या पुढे असाल. आपले खडे सोडतानाही हीच कसोटी लावा. तोडणारा खडा कधी सोडू नका, बाकीचे खुशाल द्या. ९×९ वर चिनी मोजणीनं खेळा, आणि यंत्राऐवजी नातवाशी खेळलात तर दोघांचीही प्रगती होईल.

---

कोरा_कागद

देवराईताई, तुमच्या सांगण्यावरून आकारांची उजळणी केली. काल समोरच्याच्या गटात चौकोन उरणार हे मला आधी दिसलं, मी बाहेरून शांतपणे बंद करत गेलो, तो आत खेळत राहिला आणि गट मेला. पहिल्यांदाच ठरवून गट मारला!

तुमच्याशी १३×१३ वर डाव खेळायची इच्छा आहे. निशिकासाई म्हणतात तसा हँडिकॅप घेऊन. चालेल का? मी सध्या २२ क्यूच्या आसपास आहे.

---

देवराई

जरूर चालेल, आणि त्या गटाबद्दल अभिनंदन. बाहेरून शांतपणे बंद केलंत हे विशेष, बरेच जण आत उडी मारतात आणि त्याला डोळा करून देतात.

रँकमध्ये तेराचा फरक आहे, पण लहान पटावर एकेका खड्याचं वजन जास्त असतं, त्यामुळे १३×१३ वर तेवढे लागत नाहीत. पाच खडे ठेवू, चार कोपऱ्यांतल्या होशींवर आणि एक मध्यावर. तुम्ही सहज जिंकलात तर पुढच्या डावात चार. एका खेळीला तीन दिवस, चिनी मोजणी, विश्लेषणाचा पट दोघांनीही बंद ठेवायचा. डाव झाला की इथंच खेळी-खेळीनं मांडू, म्हणजे निशिकासाई आणि रानफूल यांनाही बोलता येईल. तुमचं सर्व्हरवरचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा, आज रात्री आव्हान पाठवते.